नांदुऱ्याला गाडी थांबलीच पाहिजे

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला हल्ली एकच सल्ला मिळतो: मध्ये कुठं थांबू नका. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीहून कुणी जळगावला, सुरतेला किंवा नाशिककडे निघालं, की नागपूर-पुण्यात स्थिरावलेले नातलग फोनवर बजावतात, समृद्धी महामार्ग धरा, सरळ जा. जुन्याच रस्त्यानं जाणं भाग असेल तर निदान नांदुऱ्याला वेळ घालवू नका. काय आहे तिथं? एक उंचच्या उंच मारुती, पायाशी नारळ-हारांची आणि खेळण्यांची दुकानं, फोटो काढणाऱ्यांची झुंबड. लहानपणी पाहिलाय ना एकदा? मग आता पुन्हा कशाला?

हा 'पुन्हा कशाला' गेल्या काही वर्षांत फार बोकाळला आहे. शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी तो इतक्या सहजपणे येतो, की त्यामागे काही विचार आहे का हे कुणी तपासतच नाही. म्हणून ते इथं तपासायचं आहे.

आधी ठिकाण नीट पाहून घेऊ. हिंगणीहून सेलू, वर्धा, आर्वी असं करत तळेगावला महामार्ग लागतो. पुढं तिवसा, गुरुकुंज मोझरी, अमरावती, मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर आणि खामगाव. तीनशेच्या आसपास किलोमीटर झाले की बुलढाणा जिल्ह्यातलं नांदुरा येतं. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 आणि आता 53 म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावर 1999 पासून 105 फुटांचा हनुमान उभा आहे. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच हनुमान मूर्तींत त्याची गणना होई. पुढं 2003 मध्ये आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळच्या परिताला इथं 135 फुटांची मूर्ती झाली आणि 2010 मध्ये सिमल्याच्या जाखू टेकडीवर 108 फुटांची. उंचीचा मान नांदुऱ्याकडून गेला, तरी गाड्या थांबायच्या राहिल्या नाहीत. म्हणजे लोक विक्रम पाहायला येत होते, हा समज तिथंच चुकीचा ठरला.

नावं ठेवणाऱ्यांचं म्हणणं मात्र पूर्ण ऐकून घ्यायला हवं. ते म्हणतात, यात कला नाही. प्रमाणबद्धता नाही, बारीक काम नाही, नुसता आकार आहे. ते म्हणतात, याला इतिहास नाही, पाव शतकाच्या वस्तूला वारसा म्हणायचं का? ते म्हणतात, एवढ्या पैशात एखादी शाळा झाली असती. ते म्हणतात, भक्ती फुटांत मोजायची नसते. आणि सगळ्यांत ठामपणे म्हणतात, की यात वेळ जातो. मुलांचं ठीक आहे, पण मोठ्या माणसानं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तिथं उतरणं म्हणजे त्याची अभिरुची वाढली नाही याची खूण.

यातला एकही मुद्दा टिकत नाही.

कलेचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीच्यांना बळ त्यातूनच मिळतं. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दत्त आणि शकुंतला गावोगावी पोचल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देवी आली ती याच कागदावर. त्या वेळच्या आणि नंतरच्याही कितीतरी जाणकारांनी या चित्रांना बाजारू ठरवलं, भारतीय कलेचा ऱ्हास म्हटलं. आज त्याच छापील चित्रांच्या जुन्या प्रती संग्राहक जपून ठेवतात, लिलावात विकत घेतात, संग्रहालयं काचेमागे लावतात. चित्र तेच आणि शाईही तीच. मधल्या काळात बदलले ते नाकं मुरडणारे. मग आज नांदुऱ्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्याच्या मतावर किती भिस्त ठेवायची?

चंदीगडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. जगप्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यानं आखलेलं ते शहर. त्याच शहरात सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक असलेल्या नेक चंद यांनी 1957 पासून, कुणालाही न सांगता, सरकारी जंगलाच्या जमिनीवर फुटक्या बांगड्या, तुटलेली कपबशी, टाकून दिलेली चिनी मातीची भांडी आणि दगड यांतून माणसं, माकडं, पक्षी, राजवाडे उभे केले. 1970 च्या दशकात अधिकाऱ्यांना ते सापडलं तेव्हा ते पाडून टाकण्याचीच भाषा झाली. लोकांनी ते वाचवलं. 1976 मध्ये रॉक गार्डन सगळ्यांसाठी खुलं झालं आणि 1984 मध्ये नेक चंद यांना पद्मश्री मिळाली. नंतर रस्त्यासाठी तिथं बुलडोझर आला तेव्हा नागरिक साखळी करून आडवे उभे राहिले. आज चंदीगडला जाणारा मराठी पर्यटक आधी रॉक गार्डन पाहतो, मग कॉर्बुझिएची विधानसभा. टाकाऊ वस्तूंचं हे राज्य कला आहे, असं आता सगळे म्हणतात. मग ते कला कधी झालं? अधिकाऱ्यांनी मान्यता दिली त्या दिवशी, की नेक चंद यांनी पहिली बांगडी रोवली त्या दिवशी?

पॅरिसमध्ये आयफेल टॉवरचं काम सुरू झालं तेव्हा 14 फेब्रुवारी 1887 ला तिथल्या नामवंत कलावंतांनी आणि लेखकांनी वर्तमानपत्रात निषेधपत्र छापलं होतं. सही करणाऱ्यांत मोपासाँ होता, पॅरिसच्या ऑपेराची इमारत बांधणारा गार्निए होता. टॉवर वीसच वर्षं राहणार होता. पुढं काय झालं ते सांगायला नको.

आता प्रमाणबद्धतेचं. ही टीका बहुतेक वेळा मोबाइलवरचा फोटो पाहून केलेली असते. शंभर फुटांवरचा चेहरा खाली उभ्या माणसाला चेहरा म्हणून दिसायचा तर मूर्तिकाराला डोकं आणि खांदे मापापेक्षा मोठे घ्यावे लागतात, नाहीतर खालून नुसत्या पोटऱ्या आणि हनुवटी दिसेल. शिवाय ही मूर्ती देव्हाऱ्यात ठेवायची नाही. ती दूरवरून, धावत्या ट्रकच्या काचेतून ओळखू यावी लागते. रात्रभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरनं 'आला नांदुरा' असं क्लीनरला म्हणावं, एवढी ती स्पष्ट असावी लागते. या कामात बारीक कोरीव नक्षीचा काय उपयोग? जे काम ज्यासाठी केलं, त्याच कसोटीवर ते तपासायचं असतं. त्या कसोटीवर नांदुऱ्याचा मारुती पुरेपूर उतरतो.

आणि त्याच्या पायाशी काय घडतं, ते टीकाकारांनी कधी थांबून पाहिलं आहे का? गाडीचं दार उघडतं. आधी मुलं उतरतात, मग आजी, कंबर धरून. मुलगा वर पाहतो, आणखी वर पाहतो, मान मागं टाकता टाकता त्याचा तोल जातो आणि आईचा हात पाठीशी येतो. बाप मोबाइल घेऊन मागं मागं सरकतो. मूर्ती मावत नाही. तो उकिडवा बसतो, मग एक गुडघा जमिनीला टेकवतो, तरी मावत नाही. 'अजून मागं सरका ना, डोकं कटून राहिलं,' असं कुणीतरी ओरडतं. शेवटी शेजारच्या गाडीतला अनोळखी माणूस पुढं होतो, 'द्या मी काढतो' म्हणतो. दोन मिनिटांत एक कुटुंब धुळ्याचं, एक वर्ध्याचं, एकमेकांचे फोटो काढून गाव विचारतं. आजी चप्पल काढून हात जोडते आणि सुनेच्या हातावर प्रसादाचा तुकडा ठेवते. ज्या कलादालनात तीस माणसं एकमेकांकडे न पाहता भिंतीकडे पाहून निघून जातात, तिथं याच्या निम्मंही घडत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. 1999 मध्ये बापाच्या खांद्यावर बसून ही मूर्ती पाहिलेली पोर आज स्वतः आई झाली आहे. ती आता आपल्या मुलीला घेऊन तिथं उतरते, तेव्हा एकाच जागी तीन पिढ्या उभ्या असतात. दर खेपेला त्याच पायऱ्यांशी काढलेले फोटो घरात असतात. कुणाच्या डोक्यावरचे केस गेलेले असतात, कुणी फोटोतून कायमचं गेलेलं असतं. पुन्हा जाण्याचं कारण हेच आहे. पहिल्या खेपेला माणूस मूर्ती पाहतो. पुढच्या खेपांना तो आपली माणसं पाहतो, आणि त्यासाठी न हलणारी एक खूण लागते. मोठेपणी पुन्हा गेल्यावर लहानपणीची जागा खुजी वाटते म्हणतात. पण 105 फुटांपुढं मोठा माणूसही लहानच राहतो, हे इथं थांबलेल्या कुणालाही विचारावं.

ज्यांना जुनाच इतिहास हवा, त्यांनी तो घेतला असता तरी हरकत नव्हती. याच रस्त्यावर, नांदुऱ्याच्या अलीकडे, बाळापूर आहे. मिर्झाराजे जयसिंगाची सतराव्या शतकातली छत्री आणि 1757 मध्ये पूर्ण झालेला किल्ला तिथं आहे. 'खरा वारसा पाहा' असं सांगणाऱ्यांपैकी किती जण बाळापूरला गाडी वळवतात? समृद्धीनं जाणारे सिंदखेडराजाजवळून जातात. जिजाऊंचं जन्मस्थान तिथं आहे. किती गाड्यांचा वेग ताशी 120 वरून शून्यावर येतो? नांदुऱ्याला न थांबलेला माणूस बाळापूरलाही थांबत नाही, सिंदखेडराजालाही नाही. इतिहासाचं नाव तो फक्त न थांबण्यासाठी वापरतो. उलट मुलांना मारुतीसाठी खाली उतरवणाऱ्या कुटुंबालाच पुढच्या खेपेला छत्रीपाशी उतरवणं सोपं जातं, कारण रस्त्यात थांबायची सवय त्यांना लागलेली असते.

आणि प्रचंड मूर्ती ही कालची टूम आहे, असं समजणाऱ्यांनी आपल्याच भाषेचा इतिहास काढून पाहावा. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराची 57 फुटी मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक त्या मूर्तीच्या पायापाशी कोरलेला आहे. मराठी दगडावर उतरली तेव्हाच ती एका महाकाय मूर्तीशी उभी होती! सातपुड्यापलीकडे बडवानीजवळ बावनगजाची 84 फुटी मूर्ती मध्ययुगातली आहे. नाशिक जिल्ह्यात मांगीतुंगीला ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती 2016 मध्ये झाली. देवाला डोंगराएवढं पाहायची ही ओढ हजार वर्षांची आहे. हजार वर्षांपूर्वीचं भव्य ठरतं आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं बटबटीत, हा न्याय कुठला? श्रवणबेळगोळची मूर्तीही कधीतरी पंचवीस वर्षांचीच होती.

भक्ती फुटांत मोजत नाहीत, हे खरंच आहे. पण नांदुऱ्याला कुणी ती मोजायला जातच नाही. तांबड्या शेंदराच्या, वेशीवरच्या, हातभर मारुतीपुढं रोज हात जोडणारी हीच माणसं आहेत. गावचा मारुती लहान म्हणून त्यांनी त्याला कधी कमी मानलं नाही. मग वाटेवरचा मोठा आहे म्हणून त्याला कमी का मानायचं?

पैशाचा प्रश्न आला की बोलणाऱ्यांचा आवाज चढतो. मूर्तीऐवजी शाळा का नाही? हा प्रश्न फक्त गरिबांच्या आणि गावच्या लोकांच्या आनंदालाच का विचारला जातो? शहरातल्या मॉलला, वॉटरपार्कला, बहुपडदा चित्रपटगृहाला तो कुणी विचारत नाही. नर्मदेच्या काठी 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा सुमारे 3 हजार कोटी रुपये खर्चून 31 ऑक्टोबर 2018 ला उभा राहिला. नांदुऱ्याला नाकं मुरडणारे कितीतरी जण आगाऊ तिकीट काढून तिथं गेले, लिफ्टनं वर चढले आणि फोटो घेऊन आले. तिथं शाळेचा प्रश्न त्यांना आठवला नाही. जून 2022 मध्ये याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत डांबरीकरण करून पूर्ण झाली आणि गिनीज बुकात नोंदली गेली. सगळ्या महाराष्ट्रानं त्याचं कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. एकाच रस्त्यावर 105 तासांचा विक्रम अभिमानाचा आणि 105 फुटांची मूर्ती लाजेची, हे कसं? शाळा हव्यात, दवाखाने हवेत, त्यासाठी सरकारला जाब विचारायला हवा. पण ते काम करायचं सोडून माणसांच्या हातून मारुती काढून घेतल्यानं एकही वर्ग बांधला जाणार नाही.

कुणासाठी काय करायचं, याचा धडा तर वर्ध्याच्याच मातीतून निघालेला आहे. महात्मा गांधी 1936 मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन खानदेशात फैजपूरला भरलं. नांदुऱ्यावरून पुढं मलकापूर, मुक्ताईनगर ओलांडलं की फैजपूर फार दूर नाही. त्या अधिवेशनाची नगरी सजवायला गांधींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं आणि खेड्यातलं, हाताशी असेल तेच साहित्य वापरायला सांगितलं. बांबू, चटया, गवत, गावच्या वस्तू. पुढं 1938 मध्ये हरिपुराच्या अधिवेशनासाठी नंदलालांनी शेतकरी, ढोलकीवाले, सुतार, लोहार यांची ठसठशीत रेषांची, भडक मातकट रंगांची चित्रं काढली आणि ती चालत्या माणसाला दिसावीत अशी लावली. कलादालनाचं दार ज्यानं कधी पाहिलं नाही, त्याच्या वाटेवर कला न्यायची, हा त्यामागचा हेतू होता. नांदुऱ्याच्या मूर्तीचं आणि नंदलालांच्या कुंचल्याचं कसब एका पारड्यात तोलायचं कारण नाही. पण वाटेवरच्या माणसासाठी वाटेवरच काहीतरी उभं करायचं, हे ज्याला हीन वाटतं, त्याचं भांडण फक्त नांदुऱ्याशी नसून फैजपूरशीही आहे.

हेच टोमणे इतर ठिकाणांनाही मिळतात. पुणे-बंगळूर महामार्गापासून जवळ, कोल्हापूरच्या कणेरी मठात 2007 पासून सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. मोट हाकणारा शेतकरी, भाता फुंकणारा लोहार, दाढी करणारा न्हावी, जात्यावर बसलेल्या बाया, सगळे माणसाएवढे, सिमेंटचे, रंगवलेले. पुतळ्यांची जत्रा म्हणून तिची बोळवण करणारे आहेत. पण ज्या मुलानं मोट कधी पाहिली नाही, त्याला ती पुस्तकातल्या एका परिच्छेदातून कळेल की बैलाच्या मानेवरचा ताण समोर दिसल्यावर? नांदुऱ्यापासून जवळच शेगावला गजानन महाराज संस्थाननं ओसाड माळावर आनंदसागर उभं केलं. तळं, झाडी, संतांचे पुतळे, झुकझुक गाडी. मधली काही वर्षं ते बंद होतं. ते पुन्हा उघडावं असं विदर्भातल्या किती घरांना वाटत होतं, हे इथल्या कुणालाही विचारून पाहावं.

आता वेळेचं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला आणि शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. तो वर्धा जिल्ह्यातून, सेलू तालुक्याच्या शिवारातून जातो. त्याचा उपयोग कुणी नाकारत नाही. पण न थांबता पोचणं हाच प्रवासाचा धर्म, ही समजूत त्याच्या जोडीनं पसरली आणि ती घातक आहे. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बसला आग लागून 25 माणसं गेली. अपघातांची कारणं अनेक असतात. पण या रस्त्यावरच्या अपघातांनंतर 'रोड हिप्नोसिस' हे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालं. सरळ, एकसुरी रस्ता, नजर खिळवून ठेवणारं काही नाही, डोळे उघडे आणि मेंदू झोपलेला. वाहन चालवणाऱ्यानं दर दोन-तीन तासांनी खाली उतरावं, चार पावलं टाकावीत, असं जाणकार सांगतात. उतरायचं कशासाठी? 'थांबा' एवढ्या पाटीनं कुणी थांबत नाही. मागच्या सीटवरून मुलं 'मारुती आला, थांबवा' म्हणून ओरडली की बाप थांबतो. नांदुऱ्याला गेलेली वीस मिनिटं कुणाच्या तरी पुढच्या दोनशे किलोमीटरच्या जागेपणाची असतात. त्याला वेळ वाया जाणं कसं म्हणायचं?

वेग काय करतो हे हिंगणीला वेगळं सांगावं लागत नाही. हिंगणीला लागून बोरचं जंगल आहे. 2014 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं, 138 चौरस किलोमीटरचं, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत गणलं जाणारं. या बोरचा 'बाजीराव' नावाचा वाघ डिसेंबर 2017 मध्ये बाजारगावजवळ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेनं मेला. हा नांदुऱ्याकडे जाणारा तोच महामार्ग. गाडी कुठंही थांबवायची नाही, हे ब्रीद घेऊन निघालेल्या गाड्यांनी वसूल केलेली ही किंमत आहे.

गाड्या वाट चुकवून गेल्या की गावाचं पुढं काय होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या गुलबर्न गावानं अनुभवलं. मेंढ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावानं 1985 मध्ये पंधरा मीटर उंचीचा काँक्रीटचा मेरिनो मेंढा बांधला. पोटात लोकरीची माहिती, खाली दुकान. 1992 मध्ये मोठा महामार्ग गावाबाहेरून गेला आणि गाड्या यायच्या कमी झाल्या. गावानं काय केलं? मेंढ्याला नावं ठेवून पाडलं नाही. 2007 मध्ये तो अख्खा मेंढा उचलून महामार्गाच्या जवळ नेऊन उभा केला. सिमेंटचा मेंढा गावाच्या पोटापाण्याचा आहे, हे त्या लोकांना ठाऊक होतं. नांदुऱ्याच्या पायाशी नारळ, हार, फुटाणे, चहा, लाकडी गाड्या, पिपाण्या विकणाऱ्यांचंही तेच आहे. त्यांची रोजी त्या थांबणाऱ्या गाड्यांवर चालते.

एक गोष्ट मात्र टीकाकारांची मान्य करावी लागते. अशा ठिकाणी कचरा साचतो, गाड्या कशाही उभ्या राहतात, महामार्गाच्या कडेला धोका होतो. पण त्याचं उत्तर वाहनतळ, स्वच्छतागृह, कचरापेटी आणि वेगळी मार्गिका हे आहे. गर्दीला शिस्त लावणं प्रशासनाचं काम आहे. गर्दी होते म्हणून जागेलाच नावं ठेवणं हे कुणाचंच काम नव्हे.

हे सगळं बाजूला केलं तर आक्षेपाच्या तळाशी उरतं काय? कलेचा मुद्दा रविवर्म्यापाशी, नेक चंद यांच्यापाशी निकालात निघाला. इतिहासाचा श्रवणबेळगोळला. पैशाचा नर्मदेच्या काठी. वेळेचा समृद्धीवर. उरते ती फक्त किळस, आणि ती मूर्तीची नसते. ती असते मूर्तीपुढं थांबणाऱ्यांची. एसटीतून डबा घेऊन निघालेल्या बाईची, कापूस विकून देवदर्शनाला निघालेल्या शेतकऱ्याची, टेम्पोच्या मागं बसून आलेल्या वऱ्हाडाची. त्यांच्या आनंदात सामील व्हायचं नाही, त्यांच्या फोटोत आपण दिसायचं नाही, म्हणून हे सारं नावं ठेवणं. वर्षातून एकदा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या हिंगणीच्या, सेलूच्या, आर्वीच्या माणसाला रस्त्यानं काहीतरी द्यावं, डोळे मोठे करून पाहण्यासारखं काहीतरी, यात त्याचं काय चुकलं? त्यानं ते मागितलं, कुणीतरी ते उभं केलं, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या तिथं थांबतो. यात लाजण्यासारखं काहीही नाही. लाज वाटायचीच असेल तर ती नाक मुरडणाऱ्यांना वाटावी.

तेव्हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं नांदुऱ्यासारख्या ठिकाणी सुरक्षित थांबा आणि स्वच्छतागृह द्यावं, बाळापूरच्या छत्रीची आणि नांदुऱ्याच्या हनुमानाची पाटी महामार्गावर एकाच मापाची लावावी. आणि वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत वर्ध्याहून जळगावकडे, सुरतेकडे निघाल तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवा, जुना रस्ता धरा, नांदुऱ्याला गाडी बाजूला घ्या आणि सगळ्यांना खाली उतरवा.